रेकॉर्डिंगमधला परका आवाज

भीमरत्न कांबळे बॅटन, म्हणजे ऑर्केस्ट्राला इशारे द्यायची काठी, खाली ठेवणार, हे निपाणीत बराच काळ कुणाला खरंच वाटत नव्हतं. फौजेच्या बँडमधून पेन्शनीत आल्यावर या माणसानं वरातीत वाजवणारे, शाळांतले संगीतशिक्षक, बेळगावच्या चर्चमधले व्हायोलिनवाले अशी सगळी माणसं गोळा करून एक ऑर्केस्ट्रा उभा केला होता. दर रविवारी बुद्धविहाराच्या हॉलमध्ये तालीम. बाहेर भाजीबाजाराचा गलका आणि आत जॅझ. तेही चारपाच जणांनी मिळून वाजवायचं नव्हे, तर सिंफनीच्या थाटात, सगळ्या ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेलं. फौजेत एका गोवेकर बँडमास्तरांनी ते शिकवलं आणि भीमरत्नांना त्याचं वेड लागलं ते लागलंच.

पण आता खांदा धरला होता. हात वर गेला की उतरताना कळ यायची. मुलीला ते म्हणाले, "जुन्या सगळ्या रचना एकदा नीट रेकॉर्ड करू. मग मी मोकळा."

उपासना, त्यांची मुलगी, बेळगावच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवायची आणि ऑर्केस्ट्रात पहिलं व्हायोलिन वाजवायची. आप्पांचं दुखणं बळावलं की तालीमही तीच घ्यायची. तिनं बेळगावात एक हॉल मिळवला. रस्त्यावरचे हॉर्न आत येऊ नयेत म्हणून खिडक्यांना गोधड्या लावल्या. सदलग्याचे कल्लाप्पा क्लॅरिनेट घेऊन आपल्या बँडच्या टेम्पोतूनच आले. जांबोटीचा ट्राँबोनवाला भरमू बस चुकल्यामुळं दुधाच्या गाडीत बसून आला आणि आल्या आल्या चहा मागू लागला.

दुपारपर्यंत धडाक्याच्या रचना झाल्या. पितळी वाद्यं अशी कडाडली की रेकॉर्डिंग करणारा साईराज काचेआड मान डोलावत होता. भीमरत्न खांदा विसरून गेले होते.

शेवटी राहिली संथ रचना. तिच्या मध्यावर सगळी वाद्यं जवळजवळ गप्प होतात आणि क्लॅरिनेट एकटंच, कुणीतरी अंधारात वाट चाचपावी तसं, पुढं सरकतं. तिथं पोचले आणि साईराजचा हात वर झाला.

"सर, थांबूया. कुणीतरी गुणगुणतंय."

भीमरत्नांनी फौजी नजर फिरवली. "कोण आहे? इथं लग्न नाही लागलेलं. तोंड बंद."

पुन्हा सुरुवात. पुन्हा तोच आवाज. तिसऱ्यांदा त्यांनी बॅटन स्टँडवर आपटली. "ज्याला राहवत नाही त्यानं बाहेर जावं!"

कुणी हललं नाही. सगळे आपापल्या वाद्यांकडं बघत होते. अखेर कल्लाप्पांनी क्लॅरिनेट मांडीवर घेतलं.

"अण्णा, रागावू नगा. तुमीच गुणगुणतासा."

"मी?"

"व्हय. लई वर्सं झाली."

"मग सांगितलं का न्हाईस रं मला?"

"सांगायचं काय त्यात? तुमचा आवाज आला की आमी समजतोय, आता शिरायचं."

भीमरत्नांनी बॅटन उचलली. पुढच्या वेळी ओठ घट्ट मिटून त्यांनी हात चालवला. गुणगुणणं गेलं, पण वाजवणाऱ्यांचा जीवही गेला. सगळे वेळेवर शिरले, वेळेवर थांबले, ऐकवेना मात्र. रचना संपल्यावर ते व्यासपीठावरून उतरले आणि सरळ बाहेर पायरीवर जाऊन बसले. आयुष्यभर दुसऱ्यांना गप्प केलं, आणि सगळ्यांना ठाऊक असलेला आवाज आपल्यालाच ऐकू आला नव्हता. याची लाज वाटावी की हसावं, हेच त्यांना उमगेना.

थोड्या वेळानं ते उठले आणि साईराजकडं गेले. "दाखव बघू, काय करतोय मी."

हेडफोन कानाला लावून ते ऐकू लागले. आधी कपाळावर आठी आली, मग हळूहळू विरली. म्हातारा गुणगुणत होता ती मुख्य सुरावट नव्हतीच. खाली, तळातून चालणारी ती ओळ होती. रंगरूट म्हणून फौजेच्या बँडमध्ये गेले तेव्हा त्यांच्या हाती युफोनियम हे खालच्या सुरांचं पितळी वाद्य दिलं होतं, आणि मागच्या रांगेत बसून त्यांनी हीच ओळ वाजवली होती. पुढं बँडमास्तर झाले, वाद्य सुटलं. ओळ घशात राहून गेली होती.

"कल्लाप्पा, तुझ्या टेम्पोत युफोनियम आहे का रं?"

"हाय की. जरा पोचे आलेत, पर वाजतंय."

"आण. आणि उपासना, तू वर ये. हात तू चालव."

उपासनानं व्हायोलिन छातीशी धरलं. "आप्पा, हे तुमचं रेकॉर्डिंग आहे. शेवटचं आहे."

"म्हणूनच म्हणतोय. तोंडात वाद्य असलं की गुणगुणणार कसा?"

आणि ते मागच्या रांगेत भरमूशेजारी जाऊन बसले. पहिला सूर टराटरा फाटला. भरमूला हसू आवरेना. भीमरत्नही हसले आणि ओठ पुसून पुन्हा वाजवू लागले. बराच वेळ त्यांचा दम जुळत नव्हता. उपासना दर वेळी थांबायची, पुन्हा हात वर करायची. मग एकदा सगळं जमलं. क्लॅरिनेट एकटं निघालं आणि त्याच्या खालून तो जाड, उबदार सूर चालत राहिला. काचेआड साईराजनं हात वर केलाच नाही.

सीडीवर शेवटच्या रचनेखाली संचालक म्हणून उपासनाचं नाव घालायचा हट्ट भीमरत्नांनी धरला, आणि ते घातलं गेलं. निपाणीत सीडी वाटली तेव्हा कुणीतरी विचारलं, "मास्तर, आता रविवारी काय करणार?"

ते पुढच्या रविवारीही विहारात आलेच. मागच्या रांगेत बसले. तालीम रंगात आली असताना उपासनानं हात थांबवला.

"युफोनियम, तुम्ही लवकर शिरलात."

सगळ्यांच्या माना मागच्या रांगेकडं वळल्या. भीमरत्नांनी वाद्य खाली घेतलं.

"चुकलं, मॅडम," ते म्हणाले. "पुन्हा घेऊया."