सात ते नऊ बंद

हॉस्टेलवरून सुट्टीला आलेली सई संध्याकाळी म्हणाली, "बाबा, सगळ्यांचं वायफाय चालतंय, माझ्याच फोनवर बंद आहे."

मी राउटरच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज उघडल्या. तिथलं निम्मं मला कळत नाही, पण एक ओळ ओळखीची निघाली: सईचा फोन, सात ते नऊ, बंद. बारावीच्या अभ्यासासाठी ते बंधन मीच घातलं होतं. तेव्हा ती दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती. काळजीपोटी आपण किती नियम घालतो आणि काढायचे विसरतो! ते खोकं मात्र ती घरात नसतानाही रोज सातला तिची वाट अडवत राहिलं.

नियम काढायला गेलो, तर सईने माझा हात धरला.

"राहू दे ना बाबा. तिकडे मला कुणी अडवत नाही."

आणि ती आईजवळ मेथी निवडायला बसली.