पिवळं फडकं

हवालदारकाकांना काही सांगितलं की ते आपल्याला परत ऐकवत. मी नुसतं ‘घरी निघालो’ म्हटलं तरी ते थांबवत आणि विचारत, “बाबूसाहेब घरी जाऊन राहिले. बरोबर?” मी हो म्हटल्यावरच वाट मिळे. लढाईत ते संदेश पोचवणाऱ्या तुकडीत होते. तिथं ऐकलेलं परत म्हणून दाखवल्याशिवाय निरोप पोचला असं धरत नसत. लढाई संपली, पलटण सुटली, सवय तेवढी राहिली. हॉटेलात एक चहा सांगायलाही त्यांना चांगला वेळ लागे.

ही साठ सालानंतरच्या दर्यापुरातली गोष्ट. मी तहसील कचेरीत कारकून होतो. आमच्याच इमारतीतल्या खजिन्यातून जुन्या शिपायांचं आणि शिपायांच्या विधवांचं पेन्शन वाटलं जाई. रक्कम अमरावतीहून यायची. कोणत्या दिवशी, ते अमरावतीलाही ठाऊक नसे. आली की कचेरीच्या फळ्यावर नोटीस लागे. ती वाचायला कचेरीत यावं लागे. म्हणजे पैसे आले नाहीत एवढं कळायला खेड्यातल्या बाईची एका दिवसाची मजुरी बुडे आणि तिकीट वर. यात काही चुकतं आहे असं कचेरीत कुणाला वाटलं नव्हतं, कारण नोटीस वेळेवर लागत होती.

काकांना स्वतःचंही पेन्शन होतं, पण ते गावातच राहत. रोज सकाळी पंचशील म्हणून झालं की कचेरीत डोकावून जात. एकदा ते मला म्हणाले, सकाळची एस.टी. गाडी इथूनच खेड्यांकडे जाते आणि दुपारी त्याच रस्त्यानं परत येते. पैसे आले की सकाळी तिच्या नाकाला फडकं बांधायचं. शेतातून दिसलं की बाया दुपारच्या गाडीनं येतील. नाही दिसलं तर कापसाच्या वेचणीला जातील.

रंगावर हॉटेलात चर्चा झाली. लाल कुणीतरी सुचवला. काका म्हणाले, “लाल लावला तं डायव्हर गाडीच उभी करते. निळा लावला तं लोक म्हनतीन इलेक्शन आलं. अन् पांढरा लावला तं गाडी हारली.” शेवटी त्यांनी आपलं जुनं धोतर फाडून हळदीत बुडवलं. ड्रायव्हर भला होता, त्यानं हरकत घेतली नाही. काका त्या रस्त्यावरच्या गावोगाव जाऊन एकेका बाईला समजावून आले आणि प्रत्येकीकडून परत म्हणवून घेतलं. वर्षभर ते फडकं बिनबोभाट चाललं. त्याला खर्च नव्हता, मंजुरी नव्हती. त्यामुळे कचेरीला त्याची खबर नव्हती.

मग नवे साहेब आले. त्यांना उद्घाटनाची आवड होती आणि दर्यापुरात उद्घाटन करण्यासारखं फार काही नव्हतं. फडक्याची गोष्ट कानावर जाताच त्यांनी वर्षभर चाललेल्या कामाचा शुभारंभ करायचं ठरवलं. मोटारस्टँडवर मांडव पडला. त्या दिवशी खजिन्यात पैसे नव्हते. काकांनी आदल्या दिवशी साहेबांना गाठून विचारलं, “पैसे नायी, मंग फडकं लावाचं नायी. बरोबर?” साहेब म्हणाले, बरोबर. आणि फडकं लावलं नाही, हे खरंच.

पण शुभारंभाची गाडी बोडकी कशी सोडायची? दिवाळी नुकतीच झाली होती, झेंडू मुबलक होता. काका मांडवात शाल घेण्यासाठी उभे असताना मांडवामागे कुणी उत्साही माणसांनी गाडी पुढून मागून झेंडूनं मढवली आणि सोडून दिली.

दुपारी ती परतली तेव्हा भाषणं चालूच होती. गाडी गच्च भरली होती. साहेबांनी ती गर्दी पाहिली आणि जनतेच्या प्रतिसादाबद्दल दोन वाक्यं वाढवली. बाया मांडवाकडे न बघता सरळ खजिन्याच्या खिडकीशी गेल्या. खिडकी बंद होती. काका शाल खांद्यावर घेऊनच धावत आले. सर्वांत पुढं सावित्राबाई होती, एका शिपायाची विधवा. वेचणी अर्ध्यावर टाकून आलेली, ओटीत अजून कापूस. ती ओरडली नाही.

“पिवळं दिसलं म्हून आली, दादा. आता तुमच्या फडक्याकडे पाहनं बंद.”

काकांनी हे मात्र परत म्हणून दाखवलं नाही.

पुढच्या खेपेला पैसे आले, फडकं लागलं, आणि दुपारची गाडी रिकामी आली. काका दुसऱ्या दिवशी फडकं न बांधता स्वतःच ड्रायव्हरशेजारच्या बाकावर जाऊन बसले. प्रत्येक फाट्यावर मान बाहेर काढून सांगत गेले. त्या दुपारी बाया आल्या. सावित्राबाई सगळ्यांच्या मागून. तेव्हापासून पैसे आले की काका गाडीत, असा शिरस्ता पडला. फडक्याला कुणी विचारीना. गाडीत हवालदार दिसला की निघायचं.

यातली अडचण मला उशिरा कळली. काकांची लेक त्याच रस्त्यावरच्या गावात दिलेली होती. तिच्याकडे ते पायी जात, नाहीतर कुणाच्या बैलबंडीत. गाडी असताना हे काय, असं मी विचारलं तर म्हणाले, “मी गाडीत दिसलो का बाया हातातलं काम टाकून निंगतात, बाबूसाहेब. लेकीच्या घरी मी कितीकदा जातो, त्यायचे तितके दिवस काहून बुडवू?”

पुढं त्यांच्या छातीचं दुखणं वाढलं. अकोल्याच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. तिकडे जायलाही तोच रस्ता, तीच गाडी. लेक घ्यायला आली होती, मी स्टँडवर गेलो होतो. कंडक्टरनं खिडकीची जागा मोकळी करून दिली. काका तिथं बसायला तयार होईनात. लेकीनं समजावलं, कंडक्टरनं समजावलं. शेवटी दोन बाकांच्या मधे गोधडी अंथरली, तिच्यावर ते खाली बसले आणि लेकीला म्हणाले, “आता बाहेरून दिसत नायी न मी? पाहून ये.”

ती उतरली, गाडीला फेरी मारून आली आणि नाही म्हणाली. मग त्यांनी गाडी सोडू दिली.

अकोल्याहून ते परत आले नाहीत. कंडक्टर मात्र गाडी सुटली त्याच्या दुसऱ्याच दिवशी भेटला होता. काल सावित्राबाई फाट्याजवळच्या शेतात होती म्हणाला. गाडी थांबली तशी ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली, एकेक खिडकी नीट पाहिली, आणि वाकून पुन्हा कापूस वेचायला लागली.