प्रदक्षिणा घालणारी वेल

इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलला आमच्या घरासमोर चंदाबाई राहतात. अकोला जिल्ह्यातील एका शाळेतून त्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या आणि पती गेल्यानंतर मुलीकडे, म्हणजे भावनाकडे, इथे आल्या. भावना एका आयटी कंपनीत नोकरीला. त्यामुळे घर दिवसभर रिकामे. चंदाबाईंनी पहिल्याच आठवड्यात मसाल्याच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, चपलांच्या जागा ठरवून दिल्या आणि मग शिस्त लावण्यासारखे घरात काहीच उरले नाही, म्हणून त्या खिडकीशी बसू लागल्या.

“काका, आई बोलतच नाही हो,” भावना मला म्हणाली होती. “कायमची मे महिन्याची सुट्टी लागल्यासारखं झालंय तिचं.”

त्यांच्या शेजारच्या घरात टेरी नावाचे निवृत्त बसचालक राहतात. दोन परसांमध्ये एकच कुंपण, आणि त्याला लागून टेरींच्या बाजूला त्यांच्या दिवंगत पत्नीने, जोनने, लावलेली हॉप्सची वेल. हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुले. आमच्या भागातल्या काही हौशी मंडळींनी ही वेल घरोघरी लावली आहे. सप्टेंबरच्या सुरुवातीला सगळे आपापली फुले घेऊन एकत्र जमतात आणि ती ताजी असतानाच त्याच दिवशी बिअर शिजवायला घेतात. जोन गेल्यावरही तिच्या वेलीची फुले दरवर्षी त्यात पडत आली आणि पहिला पेला मंडळी तिच्या नावाने उचलत आली.

वसंतात टेरींच्या खुब्याची शस्त्रक्रिया ठरली. त्यानंतर काही महिने ते डेव्हनला बहिणीकडे राहणार होते. जाताना कुंपणावरून त्यांनी चंदाबाईंना विचारले, माझ्या हॉप्सकडे लक्ष द्याल का? चंदाबाईंचे इंग्रजी शाळेतले, व्याकरणशुद्ध. परंतु त्यांना हॉप्स हे एखाद्या वेलीचे नाव, एवढेच कळले. त्यांनी होकार दिला. संध्याकाळी त्यांनी भावनाला विचारले की ही वेल कशासाठी लावतात. भावनाला ते ठाऊक होते. पण कितीतरी दिवसांनी आईने आपण होऊन काही विचारले होते. बिअरचे नाव काढले तर ती पुन्हा गप्प होईल, या भीतीने “शोभेची आहे गं,” ती म्हणाली.

मला या वेलीचे कुतूहल तेव्हाच वाटू लागले. जमिनीतून कोंब फुटतात ते बोटाएवढे जाड, लालसर. आणि मे महिन्यात वाढ अशी, की सकाळी पाहिलेले टोक संध्याकाळी तिथे सापडत नाही. चंदाबाईंनी उंच खांबावरून सुतळ्या सोडल्या आणि माहेरी वालाच्या वेली चढवीत तशाच हातवळणाने ते कोंब सुतळीभोवती गुंडाळले. दुसऱ्या दिवशी सगळे सुटून खाली लोंबत होते. पुन्हा गुंडाळले, पुन्हा सुटले. खरखरीत देठांनी त्यांच्या मनगटांवर ओरखडे उठले.

“ही पोरगी वर्गात बसायलाच तयार नाही, डॉक्टर,” त्या म्हणाल्या.

माझे आयुष्य हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून गेले. मी खुर्ची घेऊन वेलीजवळ बसलो आणि एका मोकळ्या टोकाला दोरा बांधून दुपारभर त्याची दिशा पाहिली. वाल ज्या बाजूने वळतो, त्याच्या नेमकी उलट. वरून पाहिले तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे. हे मी चंदाबाईंना सांगितले तेव्हा त्यांनी हवेत बोट फिरवून खात्री करून घेतली.

“म्हणजे ही स्तूपाला प्रदक्षिणा घालते तशी चालते,” त्या म्हणाल्या. “सुतळी उजव्या हाताला ठेवून. मग मी तिला चार वेळा उलटी फिरवली की हो.”

त्या दिवसापासून त्यांनी तिला उजवीकडून वळवले आणि वेल पुन्हा कधी सुटली नाही. त्याचबरोबर चंदाबाईही बदलल्या. मोठ्याने बोलू लागल्या, भावनाला वेळेवर घरी यायला बजावू लागल्या, आणि डेव्हनला फोन करून ‘मिस्टर टेरीं’ना वेलीचा प्रगतिअहवाल देऊ लागल्या. टेरी त्यांना सरळ ‘चंदा’ म्हणत; पहिल्यांदा त्या दचकल्या, मग त्यांनी ते चालवून घेतले.

ऑगस्टमध्ये फुले आली. फिकट हिरवी, पाकळीवर पाकळी चढवलेली, हातात घेतली तर कागदासारखी हलकी. महिनाअखेरच्या एका रविवारी चंदाबाईंनी मला चहाला बोलावले. त्यांच्या दिवाणखान्यात बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर आहे. दर रविवारी सकाळी त्या तिथे वंदना म्हणतात आणि फुले वाहतात. मूर्तीपुढच्या काचेच्या वाडग्यात, वेल फुलल्यापासून दर रविवारी असत तशी, हॉप्सची फुले भरलेली होती.

मी एक फूल उचलून तळव्यात चुरडले. आतली पिवळी पूड बोटांना लागली आणि संत्र्याची साल, ओले गवत आणि किंचित लसूण असा मिश्र वास आला. मला मनापासून आनंद झाला. “ही पाहा,” मी म्हणालो, “बिअरचा सगळा कडवटपणा या पुडीत असतो.”

चंदाबाईंचा कप बशीवर टेकला. भावना स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने खाली पाहिले.

“बिअरचा?” चंदाबाईंनी विचारले.

मग जे होते ते सगळे मला सांगावे लागले. सांगून झाल्यावर चंदाबाई उठल्या, वाडगा उचलून आत घेऊन गेल्या आणि रिकामा करून धुऊन परत ठेवला.

त्यांनी वाडगा का रिकामा केला हे समजायला एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी त्यांनी मला पूर्वीच सांगितली होती आणि वेलीच्या नादात मी विसरलो होतो. त्यांचे वडील दारू पीत. नागपूरला दीक्षा घेऊन ते परत आले आणि त्यानंतर त्यांनी बाटलीला हात लावला नाही. घरात धान्य येऊ लागले, मुली शाळेत जाऊ लागल्या. पंचशीलातले पाचवे शील, मद्यापासून दूर राहण्याचे, इतर लोक नुसते तोंडाने म्हणतात. चंदाबाईंच्या घराण्यात त्याच्यावर माणसे उभी राहिली आहेत. आणि आता त्याच बाईंनी उन्हाळाभर बिअरची वेल वाढवली होती आणि तिची फुले बुद्धापुढे वाहिली होती.

पुढचे काही दिवस त्या परसात गेल्या नाहीत. फुले तोडणीला आली होती. आणखी थोडा उशीर झाला असता तर ती करपून त्यांचा वास गेला असता. भावना माझ्याकडे आली. “काका, आई वेल कापून टाकते म्हणतेय. जोनची वेल आहे ती. टेरीला मी काय सांगू? तुम्हीच बोललात, तुम्हीच समजवा आता.”

समजवायला नव्हे, तर त्या काय ठरवतात हे जाणून घ्यायच्या तीव्र इच्छेने मी गेलो. चंदाबाई खिडकीशी होत्या, पूर्वीच्याच जागी.

“फुलं वाहताना माझ्या मनात वाईट नव्हतं,” त्या म्हणाल्या. “तो प्रश्न मी मनाशी मिटवला. पण ती द्यायची कशी? मी हाताने दिली तर मी दारूला हात लावलाच ना? आणि वडिलांनी...”

मी म्हणालो की हा निर्णय माझ्या कक्षेबाहेरचा आहे. मला फक्त एक विचारायचे आहे. ती वेल कोणाची?

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिले. वर्गात अनपेक्षित हात वर झाला की शिक्षक पाहतात, तसे. मग त्या ओरखडे भरलेली मनगटे चोळू लागल्या.

“दुसरं शील,” त्या शेवटी म्हणाल्या. “जे दिलेलं नाही ते घेऊ नये. मला वेल सांभाळायला दिली होती, डॉक्टर. फुलं दिली नव्हती. पाचव्याची काळजी करत बसले आणि दुसरं तर मी केव्हाच मोडलं. दर रविवारी, ओंजळ भरभरून.”

त्याच संध्याकाळी त्यांनी डेव्हनला फोन केला. मी समोर होतो. त्यांनी ताठ बसून, एकेक वाक्य तोलून सांगितले की आपण न विचारता फुले तोडली, ती कुठे ठेवली, आणि आपण मद्य वर्ज्य मानत असल्यामुळे बिअरसाठी फुले तोडणार नाही. मात्र वेल त्यांची आहे, ती आणखी एकही फूल कमी न करता जागेवर उभी राहील, येऊन घेऊन जा. फोनच्या स्पीकरवरून टेरींचा आवाज आला.

“चंदा, जोन चर्चमध्ये फक्त लग्नाच्या जेवणासाठी जायची. तिच्या फुलांना देवळात बसायला मिळालं म्हणून खूश झाली असती.”

चंदाबाईंनी फोन खाली ठेवला आणि पदराने डोळे टिपले. “आपल्याकडे देव नाही, हे सांगायचं राहिलं,” त्या म्हणाल्या.

शनिवारी टेरी काठी टेकत आले. मंडळींनी वेल सुतळीसकट खाली घेतली आणि परसात टेबलांभोवती बसून फुले खुडली. चंदाबाईंनी एकाही फुलाला हात लावला नाही; त्यांनी सगळ्यांसाठी पोहे केले आणि कुंपणाच्या आपल्या बाजूने, फुलांच्या टोपलीत कोण पाने घालतो आहे आणि कोण देठ, यावर करडी नजर ठेवली. निघताना टेरींनी एक भरलेली डहाळी त्यांच्यापुढे धरली. ही तुमची, ते म्हणाले. बिअरसाठी नाही.

चंदाबाईंनी ती दोन्ही हातांनी घेतली. दुसऱ्या दिवशी वाडगा पुन्हा भरलेला होता.

ऑक्टोबरात टेरींनी मला त्या बिअरची बाटली दिली. ती मी माझ्या घरी उघडली. चंदाबाई रस्ता ओलांडून आल्या आणि समोरच्या खुर्चीत, पेल्यापासून योग्य अंतर राखून, बसल्या.

“प्या,” त्या म्हणाल्या. “मला फक्त कळू द्या. कारल्यासारखी कडू आहे?”

मी घोट घेतला. नाही, कारल्याइतकी नाही.

“मेथी?”

मेथीच्या जवळची, पण शेवटी जिभेवर संत्र्याच्या सालीसारखे काहीतरी उरते.

त्यांनी डोळे मिटून विचार केला. “मेथी आणि संत्र्याची साल,” त्या पुटपुटल्या. “नागपुरी की इकडची?”

मी दुसरा घोट घेतला, आणि चंदाबाई उत्तराची वाट पाहत राहिल्या.