ओदिलच्या घरातले दोन पक्ष

ला दिग बेटावर शाळेचे गणवेश शिवणाऱ्या ओदिलच्या घरात त्या जुलैत दोन पक्ष नांदत होते. नवरा सिप्रियन सत्तेतल्या पक्षाचा शाखाप्रमुख, आणि भाऊ गोंझाग विरोधी पक्षाचा.

सोळा वर्षांपूर्वी सत्तापालट झाला आणि देशात एकच पक्ष उरला. पुढच्याच वर्षी शाखेच्या सभेत गोंझागला देशद्रोही ठरवलं. सिप्रियन पहिल्या रांगेत होता. त्याच्या तोंडून चकार शब्द निघाला नाही. गोंझाग लंडनला पळाला. आई गेली तेव्हाही त्याला येता आलं नाही. ओदिलनं संसार केला, पण त्या सभेबद्दल नवऱ्याला कधी विचारलं नाही, आणि माफही केलं नाही.

वर्षापूर्वी अनेक पक्षांना पुन्हा परवानगी मिळाली, अन् तिच्यामागून गोंझागही परतला; आता निवडणूक आली होती. वर्षभर तो बहिणीकडेच राहिला. जेवताना दोघं पुरुष फक्त मासळीबद्दल बोलायचे.

मतदानाच्या दिवशी शाळेत रांग लागली. सिप्रियन पक्षातर्फे आत बसला होता. गोंझागची पाळी आली तसा सिप्रियनच्या शेजारी बसलेला, राजधानीहून आलेला त्याच्याच पक्षाचा माणूस उठला. "हा परदेशात राहणारा. याचं मत चालणार नाही!"

रांगेतल्या ओदिलनं खाली मान घातली.

"खाली बस," सिप्रियन म्हणाला.

"काका, तुम्ही आपल्या बाजूचे ना?"

"आहेच. मतही आपल्यालाच देणार. पण हा वर्षभर माझ्या घरात राहतोय, माझ्या ताटातला मासा पळवतोय. यादीत नाव आहे. याच्या आईला मी खांदा दिलाय. हा इथला नाही, तर मग मी कुठला?"

रांग हसली. अधिकाऱ्यानं यादी पाहिली आणि गोंझागच्या हाती मतपत्रिका दिली.

गोंझागचा पक्ष सपाटून हरला. निकाल ऐकल्यावर सिप्रियननं विजयाच्या मिरवणुकीत जायचं टाळलं आणि तो अंगणात येऊन बसला. ओदिल उकडलेला नीरफणस सोलत होती.

"तेव्हा एवढंच बोलला असतास तर?" तिनं विचारलं.

"घाबरलो होतो गं. तुझ्या आईनं मला शेवटपर्यंत जावई म्हटलं. त्याचीच जास्त लाज वाटते."

ओदिलचे डोळे भरून आले. तिनं नीरफणसाची गरम फोड त्याच्या तळहातावर ठेवली.

"गोंझाग, बाहेर ये रे," तिनं हाक मारली. "हरलास म्हणून उपाशी राहायचं नसतं."