ताईच्या गोळ्या

संक्रांतीचं हळदीकुंकू इथे परदेशात, फ्लॅट बुश या उपनगरात ताईकडे होतं. या देशात संक्रांत भर उन्हाळ्यात येते; बाहेर कडक ऊन, दारात जँडल्सचा, म्हणजे रबरी सपातांचा ढीग. पुण्याहून नुकतीच आलेली एक नवी नवरी हॉलमध्ये शिरली. आम्हा बहिणींना शेजारी उभं पाहून ती थेट माझ्या पायाशी वाकली. आधी मोठ्यांना नमस्कार करायचा, असं तिच्या आईनं शिकवलं असणार. मग ताईकडे वळून म्हणाली, "तुम्ही धाकट्या ना? तुम्हालाही करते."

ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी आहे. सगळ्या हसल्या, ताई सगळ्यांत जोरात. मी तिळाचा लाडू असा चावला की दाढ कळवळली.

हे लहानपणापासूनचं आहे. मला बघायला आलेले लोक तिचीच चौकशी करून जात, तिचं लग्न झालेलं असूनही. पन्नाशीनंतर तरी देव न्याय करील अशी माझी आशा होती. पण ताई साठीला टेकली तरी कपाळावर रेघ नाही, आणि माझी मान मलाच आरशात बघवत नाही. माझा नुसता जळफळाट होत होता.

चहाची साखर शोधायला कपाट उघडलं, तर मसाल्यांच्या डब्यांमागे गोळ्यांची बाटली सापडली. लेबलवर डीएचईए. मी सँडरिंगहॅमला फार्मसिस्ट आहे, हे हार्मोन आहे हे मला सांगायला नको. पहिली भावना आनंदाची होती. म्हणजे हे रूप बाटलीतलं आहे तर!

बायका गेल्यावर मी बाटली ताईसमोर ठेवली.

"हे कधीपासून?"

"वर्ष झालं. मैत्रीण अमेरिकेहून आणते. हीप्स एनर्जी येते गं, भरपूर! आणि माझी स्किन बघ ना."

"वयाबरोबर हे शरीरात कमी होतं, ते खरं. पण बाहेरून भरलं की वय मागे जातं, याला धड पुरावा नाही. शिवाय शरीर त्याचंच इस्ट्रोजेन बनवतं. आईचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन विसरलीस? आपल्या घरात असले प्रयोग नकोत."

"तुला जळतंय," ताई म्हणाली.

जळत होतंच. पण मी सांगत होते तेही खरं होतं, पंचाईत तीच होती. हेच मी दुकानात कुणालाही शांतपणे सांगते. इथे माझा आवाज चढला होता, आणि माझ्या जळण्यापायी ताई खरं ऐकणार नाही, तिला काहीतरी होईल, अशी भीती मला वाटली.

"हो, जळते. तुझ्यावर मी जन्मभर जळत आलेय," मी रडतच म्हणाले. "तरी या गोळ्या बंद कर आणि डॉक्टरांना दाखव."

ताईनं बाटली उचलून माझ्या पर्समध्ये टाकली. डॉक्टरांनीही तेच सांगितलं. तिचा मॅमोग्राम स्वच्छ आला, तेव्हा मी माउंट रॉस्किलच्या आमच्या घरात देवापुढे साखर ठेवली.

आणि मग वाट बघू लागले, ताईच्या सुरकुत्यांची. भेटले की तिला खिडकीजवळ, उजेडात बसवायची. हिवाळा आला, माझे गुडघे धरले, केस आणखी विरळ झाले. ताई होती तशीच, टवटवीत.

परवा तिनं माझा हात हातात घेतला. "तुझंच खरं होतं गं. त्या गोळ्यांनी काहीच होत नव्हतं. बंद करून इतके महिने झाले, काही फरक पडला का?"

मी तिच्या चेहऱ्याकडे पुन्हा एकदा नीट पाहिलं.

"नाही," मी म्हणाले.

ताईपुढे जन्मात पहिल्यांदा माझं खरं ठरलं होतं, आणि एका सुरकुतीच्या बदल्यात मी ते आनंदानं खोटं ठरू दिलं असतं.