चार मिनिटांची रेंज

निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, आणि गच्चीच्या पायऱ्या चढायचा मला मनापासून कंटाळा आलाय. तीर्थपुरीपलीकडच्या आमच्या आरोग्य केंद्रात रेंज फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी येते, तीही तिच्या मनात आलं तर. सिस्टर म्हणून माझी निम्मी नोकरी फोन उंच धरून उभं राहण्यात गेली.

त्या दिवशी सकाळी हात धुण्याचा कार्यक्रम झाला. ऑफिसला फोटो लागतात. साबण दिसला पाहिजे, बॅनर दिसलं पाहिजे आणि अकराच्या आत पोचलं पाहिजे. उशीर झाला की ग्रुपवर सगळ्यांदेखत वाभाडे निघतात. मी वीस फोटो टाकून ठेवले होते. रेंज नव्हती, ते नुसते फिरत बसले होते.

साडेदहाला एक शेतकरी बायकोबरोबर चालतच आला. छातीत जळतंय म्हणाला. ईसीजी काढला. पट्टीवर हार्ट अटॅक सरळ दिसत होता. डॉक्टर जालन्याला मिटिंगमध्ये. तिथं ते फोन उचलत नाहीत, मेसेज तेवढे बघतात. अँब्युलन्स दारातच उभी होती, पण त्यांचं ‘पाठवा’ आल्याशिवाय पेशंट हलवायचा नाही, हा आमच्याकडचा शिरस्ता. पट्टीचा फोटो काढून मी गच्ची गाठली.

आधी टाकलेलं आधी जातं. पट्टी एकविसावी होती. साबणाचे फोटो रद्द करायला अंगठा नेला होता, खोटं कशाला बोलू? पण पावणेअकरा झाले होते. वाटलं, रेंज आली की सगळंच जाईल. इतकी वर्षं बोलणी खाल्ल्यावर अंगठा आपसूक मागे येतो.

रेंज आली. चार मिनिटं टिकली. तेवढ्यात वीसच्या वीस फोटो गेले आणि पट्टी राहिली.

खालून त्याची बायको हाका मारत होती, “ताई, गेला का ओ फोटू?”

“जाऊन राह्यला,” मी म्हणाले.

रेंज परत येऊन पट्टी गेली तेव्हा पाऊण तास उलटला होता. डॉक्टरांचं उत्तर लगेच आलं, “ही कधीची? ताबडतोब हलवा.” त्याच्या आधी ऑफिसचं येऊन पडलं होतं, “छान. वेळेत.”

माणूस वाचला, पण त्याचं हृदय कायमचं कमजोर झालं. शेत आता दुसऱ्याला बटईनं कसायला दिलंय. दर महिन्याला गोळ्या न्यायला येतो तेव्हा फाटकापासून दारापर्यंत दोनदा थांबतो. ते बघवत नाही मला.

परवा त्याच्या बायकोनं टेबलावर मोसंब्यांची पिशवी ठेवली.

“तिकडचे डॉक्टर म्हन्ले, जल्दी आणलं असतं तर इतकं झालं नसतं. हे माझ्यावरच चिडतेत, तू उशीर केला म्हनून. मी म्हनलं, आपुन तर बराबर आल्तो, रेंजच न्हवती त्याला कोन काय करील? ताई, तुम्हीच सांगा ह्यांला. न्हवती ना रेंज?”

तो दारातल्या बाकावर दम खात माझ्याकडे बघत होता.

“नव्हती,” मी म्हणाले, आणि त्याच्या गोळ्या काढायला कपाटाकडे वळले.