ओंजळ आणि पेला

पलसाण्याच्या कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलमधून सुटला की भगवंत साळवे चर्चच्या पाळकसाहेबांकडे धर्म शिकायला जाई. पन्नाशीत नव्याने शिकणं सोपं नव्हतं. पण वर्षभरात अँग्लिकन या ख्रिस्ती पंथाच्या मंडळीचा इतिहास, उपासनेचा क्रम, बिशप आणि पाळकांची कामं, सारं त्याला पाठ झालं. या लोकांच्या रांगेत आपण खरंच सामावू का, एवढीच धास्ती उरली होती.

१९९४ च्या ईस्टरला तो पहिल्यांदा प्रभुभोजनाला गेला. वेदीपुढे गुडघे टेकून त्याने ओंजळीत भाकर घेतली. सगळ्यांसाठी एकच असलेला द्राक्षारसाचा पेला समोर आला, तेव्हाही त्याने मान खाली घालून ओंजळच पुढे केली. लहानपणी गावच्या विहिरीवर त्याला पाणी असंच वरून ओतून मिळे. भांड्याला शिवायची मुभा नव्हती.

"भगवंतराव, पेल्याला तोंड लावा," पाळकसाहेब हळूच म्हणाले.

"उष्टा होईल, साहेब. अजून माणसं आहेत."

शेजारच्या सरलाबाई, निवृत्त शिक्षिका, पुटपुटल्या, "प्या हो लवकर. माझे गुडघे गेले!"

भगवंत प्यायला. पाळकसाहेब फडक्याने पेल्याची कड पुसणार, तोच सरलाबाईंनी तो हातात घेतला आणि न पुसताच त्या प्यायल्या.

तेव्हा कुठे भगवंतने मान वर केली.